कोंबडा, कुत्रा आणि घोडा

बंदुकीचा घोडा मागे ओढून ती डागण्यास सिद्ध करणे या क्रियेस इंग्रजीत ‘कॉक’ करणे म्हणतात. आणि कॉक म्हणजे कोंबडा हे सर्वश्रुत असल्यामुळे, झुंजीपूर्वी मान ताठ करणाऱ्या कोंबड्याच्या आवेशावरून हे क्रियापद निपजले असावे, असा तर्क सहजच केला जातो. तर्क मनोहर आहे. परंतु यंत्राचा इतिहास त्यास अनुकूल साक्ष देत नाही.

सोळाव्या शतकातील युरोपीय पायदळाची बंदूक तोडेदार होती. सोऱ्याच्या पाण्यात भिजवून वाळवलेला दोर, म्हणजे तोडा, ज्या वाकड्या लोखंडी चिमट्यात धरला जाई, त्यास इंग्रजांनी कॉक म्हटले, ते बहुधा त्याच्या आकारामुळे. आणि क्रियापद प्रथम अवतरले ते त्या चिमट्यात तोडा बसवणे एवढ्याच मर्यादित अर्थाने. याकोब द गेन याच्या 1607 सालच्या सचित्र कवाइतीच्या ग्रंथात ही पायरी स्वतंत्र चित्रात दाखवली आहे. सामान्य तोडेदार बंदुकीत चाप दाबला की तोडा रंजकीवर, म्हणजे बार पेटवणाऱ्या दारूवर, उतरे आणि सोडला की वर जाई; या दोहोंमध्ये ताणून थोपवून धरलेली अशी अवस्थाच नव्हती, मग तिला नाव कोठून असणार?

ती अवस्था कमानीने आणली. तोडेदार बंदुकीनंतर आलेल्या, चाक फिरवून ठिणगी पाडणाऱ्या चाकाच्या बंदुकीची कमान पिळण्यास लागणारी किल्ली म्हणजे स्पॅनर. आजच्या गॅरेजमधील स्पॅनरचे कूळ हेच. पुढे चकमकीच्या बंदुकीत कॉकच्या जबड्यात तोड्याऐवजी गारगोटी आली, आणि सबळ कमानीविरुद्ध कॉक मागे ओढून खाचेत अडकवला की बंदूक केवळ चापाची वाट पाहू लागली. सतराव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास क्रियापदास आजचा अर्थ लाभला, तो या नव्या यंत्ररचनेमुळे. भरलेली बंदूक निर्धोकपणे वाहून नेता यावी म्हणून आणखी एक अर्धी खाच ठेवलेली असे. ती झिजली म्हणजे बार अवेळी उडे, आणि पुरती सिद्धता होण्याआधीच उरकलेल्या उद्योगास इंग्रजीत अर्ध्या खाचेवर सुटलेला म्हणतात तो यावरूनच. (अशा उद्योगांची वाण कोणत्याही सरकारी दफ्तरास पडली नसावी.)

1807 साली अलेक्झांडर फोर्सिथ या स्कॉटिश धर्मोपदेशकाने आघाताने पेट घेणाऱ्या स्फोटकाच्या योजनेचे पेटंट घेतले. रंजकीची ज्योत पाहून पक्षी उडून जात, ही त्या शिकारी पाद्र्याची तक्रार होती! कालांतराने गारगोटी गेली, तिचा जबडाही गेला, आणि कॉकला हॅमर म्हणू लागले. क्रियापद मात्र टिकले, इतकेच नव्हे, तर कॅमेऱ्याचे शटर चढवण्यासही ते लागू झाले.

बंदुकीच्या याच अवयवास जर्मन व डच लोक कोंबडा म्हणतात, फ्रेंच व इटालियन कुत्रा, आणि आपण घोडा. शिवाय बंदुकीच्या कॉकपूर्वीच इंग्रजीत तोटीला कॉक म्हणत असत. नळाचा कॉक म्हणून तो शब्द आपल्या प्लंबरच्याही तोंडी आहे, आणि तोटी काही कोणाशी झुंजत नाही. तेव्हा झुंजीच्या कोंबड्याची व्युत्पत्ती त्याज्य ठरते.