अर्धीच गोष्ट ठाऊक असलेली माणसं

घामानं निथळणारा, बेशुद्ध मधुमेही कॅज्युअल्टीत येतो तेव्हा नातेवाइकांनी वाटेतच लकव्याचं निदान करून टाकलेलं असतं. सिस्टर बोटाला सुई टोचते. ग्लुकोमीटरवर साखर अवघी 32 दिसते. शीर सापडते, 25 टक्के डेक्स्ट्रोज जातं आणि काही मिनिटांत तोच माणूस उठून चपला शोधू लागतो. इतक्या लवकर फळ दाखवणारी कामं वैद्यकीय व्यवसायातही थोडीच.

माझ्या मते आपत्कालीन विभागातल्या परिचारिकेचा आनंद इथं आहे. ‘सेवा’ आणि ‘त्याग’ हे शब्द 12 मेच्या, म्हणजे परिचारिका दिनाच्या भाषणांतले. कामाच्या पाळीत सुख असतं ते सुकलेल्या बाळाची शीर पहिल्याच टोचण्यात मिळण्याचं, किंवा डॉक्टरांनी मागायच्या आत हवी ती नळी त्यांच्या हातात ठेवण्याचं.

कोकणातलं उदाहरण घ्या. लाल विंचू चावलेलं मूल येतं ते उलट्या करत, घामानं भिजलेलं, हातपाय बर्फासारखे गार. विषानं रक्तदाब चढतो, पुढं फुप्फुसात पाणी भरतं. एके काळी अशी पुष्कळ मुलं दगावत. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन हे रक्तदाबावरचं साधं, स्वस्त औषध या विषावर वापरलं, आणि मृत्यूंचं प्रमाण झपाट्यानं खाली आलं. गोळी दर तीन तासांनी द्यायची, हातपाय गरम होईपर्यंत. आता हातपाय गरम झाले का, हे कोण बघणार? रात्रपाळीची सिस्टरच. पहाटे चिमुकली पावलं कोमट लागतात तेव्हा मॉनिटरच्या आधी तिच्या तळहाताला कळलेलं असतं.

अर्थात प्रत्येक खाटेवर असं घडत नाही. आधी कुणाकडं बघायचं, यावरूनच वाद होतात. नेपोलियनच्या सैन्यातला शल्यचिकित्सक डॉमिनिक लारे यानं हुद्दा न बघता जखमेच्या गांभीर्यानुसार क्रम लावायला सुरुवात केली. त्याचीच सुधारलेली रीत म्हणजे आजचे लाल, पिवळे, हिरवे गट. आपल्याकडे मात्र ‘आम्ही आधी आलोय’ हा न्याय चालतो. मनगट मोडलेला हिरव्या गटातला माणूस ताटकळतो आणि ओरडतो सिस्टरवर, कारण समोर तीच असते. रुग्णालयांतल्या हिंसेविरुद्ध महाराष्ट्रात 2010 पासून कायदा आहे, त्यात परिचारिकाही येतात. दारावर त्याची पाटी लावलेली असते. रात्री दोन वाजता ती वाचतं कोण, हा भाग वेगळा.

क्रिस्टिना मॅस्लॅक या मानसशास्त्रज्ञ बाईंनी 1981 साली कामानं करपून जाण्याचं मोजमाप मांडलं. त्यात तीन गोष्टी आहेत: भावनिक थकवा, समोरच्याला वस्तूसारखं वागवणं आणि आपल्या हातून काही होत नाही ही भावना. कॅज्युअल्टीत तिसरी विशेष बोचते. रुग्ण आयसीयूत किंवा थिएटरात गेला, की ट्रॉली रिकामी परत येते आणि तिच्यावर पुढचा रुग्ण चढतो. आधीचा जगला का, त्याची वाचा परतली का, हे कुणी कळवत नाही. काम पुरं होतं, गोष्ट अर्धी राहते.

जे वाचत नाहीत त्यांच्यासाठी अमेरिकेत व्हर्जिनिया विद्यापीठाच्या रुग्णालयातल्या जोनाथन बार्टेल्स या आपत्कालीन परिचारकानं एक प्रथा सुरू केली. मृत्यूनंतर सगळ्यांनी मिनिटभर थांबायचं, त्या माणसाची आणि केलेल्या प्रयत्नांची दखल घ्यायची, मग पुढचं काम. तिचं नावच ‘पॉझ’. धर्म कुठलाही असो, चालते, आणि खर्च शून्य.

जे वाचतात त्यांच्यासाठी तर इतकंही नको. केसपेपरचा नंबर असतोच. आठवड्यातून एकदा वॉर्डातून चार ओळी खाली आल्या तरी पुरे: विंचवाचं मूल घरी गेलं, लकव्याचे काका काठीनं चालू लागले. पण हे इन्चार्ज सिस्टरच्या उत्साहावर सोडलं, तर तिची बदली होताच बंद पडेल. ते रुग्णालयानं कामाच्या वेळेतच बसवायला हवं.

अमेरिकेतल्याच इन्स्टिट्यूट फॉर हेल्थकेअर इम्प्रूव्हमेंट या संस्थेनं 2017 साली कामातल्या आनंदाचा आराखडा काढला. त्याची सुरुवात कर्मचाऱ्यांना ‘तुमच्या लेखी महत्त्वाचं काय, आणि आड काय येतं?’ हे विचारण्यापासून होते. आपल्याकडे विचारलं, तर उत्तरं ऐकायची तयारी हवी: सलाईनचा स्टँड सापडत नाही, मावशी एकच आहे आणि ती एक्स-रेला गेली आहे, रिकाम्या जागा भरलेल्या नाहीत. योगाचं शिबिर त्यानंतर जरूर घ्यावं.