विश्लेषण : भाड्याच्या यॉटने ग्रीसच्या हायड्राला जाता येते, पण बंदरात जागा मिळते का?

अथेन्सच्या दक्षिणेला असलेल्या हायड्रा या ग्रीक बेटावर विमानतळ नाही, पूल नाही आणि खासगी मोटारींना परवानगीही नाही. तिथे पोहोचायचे ते समुद्रातूनच. त्यामुळे भाड्याच्या यॉटने आठवडाभर फिरणाऱ्यांच्या मार्गावर हे गाव हमखास असते. मात्र २१ जून २०२४ च्या रात्री बेटावरचे पाइनचे जंगल पेटले. एका यॉटवरून झालेल्या आतषबाजीने ही आग लागल्याचे ग्रीसच्या अग्निशमन दलाने सांगितले. पाहुण्यांवर जगणाऱ्या एवढ्याशा गावाला यॉटचा भार कितपत झेपतो आणि यॉटने जाणाऱ्याला कोणत्या गोष्टी माहीत हव्यात, याविषयी…

हायड्राचे महत्त्व काय?

ग्रीक लोक या बेटाला ‘इद्रा’ म्हणतात. वस्ती सुमारे दोन हजारांची. जमीन खडकाळ असल्याने शेतीला वाव नव्हता, म्हणून इथले लोक जहाजांवर गेले. नेपोलियनच्या युद्धांच्या काळात ब्रिटिशांची नाकेबंदी चुकवून धान्य पोहोचवताना इथल्या जहाजमालकांनी मोठा पैसा कमावला. बंदराभोवती पायऱ्यापायऱ्यांनी चढत गेलेले दगडी वाडे त्याच काळातले. १८२१ मध्ये ऑटोमन सत्तेविरुद्ध स्वातंत्र्ययुद्ध सुरू झाले, तेव्हा हायड्राने शंभराहून अधिक जहाजे दिली. ग्रीक आरमाराचा सेनानी आंद्रेआस मियाऊलिस याच्या स्मरणार्थ आजही जूनअखेरीस इथे उत्सव होतो. गावातली ने-आण खेचरे, हातगाड्या आणि वॉटर टॅक्सी यांवर चालते. कचऱ्याची गाडी किंवा अग्निशमन वाहन एवढाच काय तो अपवाद. गायक-कवी लेनर्ड कोहेन यांनी १९६० मध्ये इथे घर घेतले आणि बेटाचे नाव आणखी दूरवर गेले.

यॉट चार्टर करणे म्हणजे काय?

ठरावीक दिवसांसाठी नौका भाड्याने घेणे. त्याचे तीन प्रकार आहेत. ‘बेअरबोट’मध्ये फक्त नौका मिळते, ती चालवायची आपणच. त्यासाठी ग्रीसमध्ये स्किपरचे मान्यताप्राप्त प्रमाणपत्र आणि सोबत एक अनुभवी सहकारी लागतो. दुसऱ्या प्रकारात नौकेबरोबर कंपनीचा स्किपर येतो. तिसऱ्यात स्वयंपाक्यापासून खलाशांपर्यंत सगळे कर्मचारी असतात. बहुतेक करार शनिवार ते शनिवार असे आठवड्याचे असतात. अथेन्सजवळच्या आलिमोस मरिनातून निघून एजिना, पोरोस, हायड्रा आणि परत, हा नेहमीचा मार्ग. आलिमोस ते हायड्रा हे अंतर साधारण ३५ सागरी मैल, म्हणजे सुमारे ६५ किलोमीटर आहे. ताशी पाच-सहा मैलांच्या वेगाने शिडाच्या नौकेला सहा-सात तास लागतात.

खर्च कशाकशाचा?

जाहिरातीतला आकडा बहुधा फक्त नौकेचा असतो. स्किपरचे मानधन व जेवण, इंधन, शेवटची साफसफाई, बंदर शुल्क आणि परत मिळणारी अनामत हे सारे वेगळे. कर्मचाऱ्यांसह घेतलेल्या मोठ्या यॉटवर इंधन, किराणा आणि बंदर शुल्कासाठी भाड्याच्या साधारण ३० टक्के रक्कम आगाऊ भरावी लागते. उरलेली परत मिळते. सात मीटरपेक्षा लांब नौकांना ग्रीसमध्ये २०१९ पासून वेगळा करही आहे. चार्टरच्या नौकेचा हा कर भाड्यात धरला आहे का, हे करारात पाहून घ्यावे.

बंदरात अडचण नेमकी कशाची?

भूमध्य समुद्रातल्या जुन्या बंदरांत नौका धक्क्याला आडवी लावत नाहीत. स्किपर धक्क्यापासून बराच आधी पुढच्या टोकाचा नांगर टाकतो, मग नौका उलटी मागे घेतो आणि मागची बाजू दोन दोरांनी धक्क्याला बांधतो. पाण्याच्या खोलीच्या किमान चार-पाचपट साखळी सोडावी लागते. खोली १० मीटर असेल, तर साखळी ४० ते ५० मीटर. हायड्राचे बंदर घोड्याच्या नालेच्या आकाराचे आणि लहान आहे. समोरासमोरच्या धक्क्यांवरून टाकलेल्या साखळ्या तळाशी एकमेकींवर पडतात. धक्का भरला की पुढच्या नौका आधीच्या नौकांना बांधून दुसरी, कधी तिसरी रांग लावतात. आतल्या रांगेतल्याला निघायचे असेल, तर बाहेरच्यांना आधी हलावे लागते.

खरा गोंधळ सकाळी होतो. पहिला स्किपर नांगर उचलतो, तर त्याच्याबरोबर दुसऱ्याची साखळी वर येते. ती दोराने तात्पुरती पेलून, आपला नांगर थोडा खाली सोडून सोडवावी लागते. घाई केली तर शेजाऱ्याचा नांगर निसटतो आणि त्याची नौका मागे सरकून दगडी धक्क्यावर आदळते. फेरीबोटींच्या लाटांनी धोका आणखी वाढतो.

मग पर्याय कोणते?

उन्हाळ्यात जागा हवी असेल, तर दुपारपूर्वी पोहोचणे चांगले. शनिवार-रविवारी अथेन्सच्या नौकांची भर पडते, म्हणून आठवड्याच्या मधले दिवस निवडावेत. जवळच्या मांद्राकी खाडीत नांगर टाकून गावात चालत येता येते. समोरच्या मुख्य भूमीवरील एर्मिओनीला नौका ठेवून फेरीबोटीने येणे हा आणखी निवांत मार्ग. यॉटच हवी असे नसेल, तर पिरेयस बंदरातून वेगवान फेरीबोट दीड-दोन तासांत हायड्राला पोहोचवते.

आगीच्या रात्री काय घडले?

आग लागलेल्या भागात जायला रस्ता नव्हता. जवान समुद्रमार्गे उतरले आणि हेलिकॉप्टरमधून पाणी टाकले गेले. बेटावरच्या एकमेव पाइन जंगलाचा सुमारे ३० हेक्टर भाग जळाला. यॉटवरच्या १३ कर्मचाऱ्यांना अटक झाली. त्यांनी आरोप फेटाळला. ग्रीसमध्ये १ मे ते ३१ ऑक्टोबर हा अधिकृत वणवा हंगाम. यॉटचा हंगामही जवळपास तोच. कोरड्या हवेत राळ असलेले पाइन ठिणगीनेही पेटते आणि मोटारीविना राहण्याचे जे सुख बेटाला लाभले आहे, तेच आग विझवताना अडचणीचे ठरते.

भारतीय पर्यटकांनी काय पाहावे?

ग्रीसला जायला शेंगेन व्हिसा लागतो. बेअरबोट घेणार असाल, तर आपले प्रमाणपत्र ग्रीसमध्ये चालते का, हे पैसे भरण्याआधी कंपनीकडून लेखी घ्यावे. नौका चालवण्याचा अनुभव तलाव किंवा मोकळ्या समुद्राचाच असेल, तर हायड्रासाठी तरी स्किपर सोबत घ्यावा. तिथल्या बंदरात झालेल्या चुकीची किंमत शेजारच्या नौकेलाही मोजावी लागते.