पुस्तक आलं, पाटी कुठाय?

स्वतःचं पुस्तक स्वतःच छापणारे आता गल्लोगल्ली भेटतात. पण पुस्तकाच्या जोडीला वेबसाइटही हवीच का? की तो नुसताच खर्चिक फंडा?

माझ्या एका मित्राची ही गोष्ट. हिंजवडीत आयटीतली नोकरी, रात्री अकरानंतर लिखाण, तीन वर्षं घासून पूर्ण केलेली कादंबरी. पाच प्रकाशकांनी ‘कळवतो’ म्हणून काहीच कळवलं नाही, तेव्हा पठ्ठ्याने बोनस मोडला आणि ५०० प्रती स्वतःच छापल्या. वर वेबसाइट. एका डिझायनरकडून, तब्बल ३५ हजारांची! साइट उघडली की पुस्तकाची पानं उलटायची, मागे बासरी वाजायची. आम्ही सगळे जाम इम्प्रेस!

सहा महिन्यांनी हिट्स तपासले, तर नियमित येणारे तिघंच. तो स्वतः, त्याची आई आणि दुबईचा मामेभाऊ. निम्म्या प्रती दिवाणाखाली. वर्षाने रिन्यूअलचं बिल आलं, ते त्याने वैतागून भरलंच नाही.

गोष्ट इथे संपली असती तर ‘वेबसाइट म्हणजे पैसे पाण्यात’ असं म्हणून आपण मोकळे झालो असतो. पण गेल्या दिवाळीत त्याला सोलापूरहून एका शिक्षिकेचा फोन आला. वाचनालयातून आणून त्यांनी ती कादंबरी वाचली होती आणि मैत्रिणींच्या वाचन गटासाठी त्यांना २० प्रती हव्या होत्या. पुस्तकावर छापलेली साइट उघडली, तर तिथे भलतीच कसली तरी जाहिरात. शेवटी बाईंनी छापखान्याला फोन करून याचा नंबर मिळवला.

‘‘त्या चिकाटीच्या होत्या म्हणून. बाकीचे किती जण कंटाळून गेले असतील रे?’’ त्याने विचारलं. माझ्याकडे उत्तर नव्हतं.

दुकान नव्हे, दारावरची पाटी

घोळ इथेच होतो. वेबसाइट म्हणजे दुकान, ती उघडली की गिऱ्हाईक येणार, असं आपण धरून चालतो. पण अनोळखी लेखकाचं नाव नेटवर शोधणार तरी कोण? वाचक येतो तो कुणीतरी ‘अरे, हे वाच’ म्हटल्यावर. वेबसाइटचं काम त्यानंतर सुरू होतं. ती दारावरची पाटी आहे. पाटी वाचून कुणी पाहुणा येत नाही, पण आलेला पाहुणा पाटी नसेल तर परत जातो!

अमीश त्रिपाठींचंच बघा. ‘द इम्मॉर्टल्स ऑफ मेलुहा’ला वीसेक प्रकाशकांनी नकार दिला. शेवटी २०१० मध्ये त्यांच्या एजंटनेच पुस्तक काढलं आणि मार्केटिंग अमीश यांनी अंगावर घेतलं. पहिलं प्रकरण नेटवर फुकट ठेवलं, पण तेवढ्यावर न थांबता ते छापून पुस्तकांच्या दुकानांत वाटलंही. म्हणजे नेटवरचं प्रकरण होतंच, पण लोकांच्या हातात पोचायची धडपडही होती.

अँडी विअर हा तर कॅलिफोर्नियातला प्रोग्रॅमर, आपल्यातलाच म्हणा ना! २००९ पासून तो ‘द मार्शन’ स्वतःच्या साइटवर एकेक प्रकरण करून टाकत होता. वाचक विज्ञानातल्या चुका काढायचे, तो दुरुस्त करायचा. वाचकांनीच मागितलं म्हणून त्याने पुस्तक किंडलवर ९९ सेंटना ठेवलं. आणि गंमत म्हणजे साइटवरून फुकट घेणाऱ्यांपेक्षा किंडलवर विकत घेणारे जास्त निघाले. २०१४ मध्ये मोठ्या प्रकाशनाची आवृत्ती, २०१५ मध्ये सिनेमा. इथे साइटने वाचक जोडले, विक्री दुसरीकडे झाली.

फेसबुक पेज आहे की!

आहे ना. पण ते भाड्याचं घर आहे. ऑर्कुटवर आपली केवढी गँग होती, आठवतंय? २०१४ मध्ये ते बंद झालं. टिकटॉकवर २०२० मध्ये भारतात बंदी आली आणि लाखोंचे फॉलोअर्स एका रात्रीत गेले. डोमेनचंही दरवर्षी भाडं भरावं लागतं, मान्य. पण भाडं भरत राहिलात तर पत्ता तुमचाच राहतो. आतलं सामान उद्या दुसऱ्या कंपनीकडे हलवलं तरी वाचकाला पत्त्यात फरक कळत नाही.

मराठीतला लोचा

आपल्याकडे एक वेगळीच भानगड आहे. बरीच मराठी पुस्तकं डीटीपीला जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये लागतात. ती फाइल जशीच्या तशी साइटवर चिकटवली, तर अक्षरांचा नुसता काला होतो. मग प्रकरण पानाचा फोटो काढून टाकलं जातं. दिसतं छान, पण सर्चमध्ये नीट सापडत नाही. मजकूर युनिकोडमध्येच हवा. आणि नाव मराठी-इंग्रजी दोन्हींत लिहा. ‘क्षीरसागर’चं स्पेलिंग कोण कसं करेल, सांगता येतं का?

मग, हवी की नको?

एकच पुस्तक, तेही घरच्यांना आणि मित्रांना वाटायला? मग खुशाल सोडून द्या. ते पैसे चांगल्या संपादकाला आणि मुद्रितशोधकाला द्या. पण दुसरं पुस्तक डोक्यात असेल, तर साधी एकपानी साइट हवीच. कारण पहिल्या पुस्तकाचा वाचक दुसऱ्यापर्यंत आणायचा, तर तो कुठेतरी नोंदवलेला असायला हवा.

मित्राने आता तशीच केलीय. एक पान, बासरी कट! मुखपृष्ठ, पहिलं प्रकरण, प्रत मागवायचा नंबर आणि ईमेल नोंदवायची चौकट. जानेवारीत दुसरी कादंबरी येतेय. यादीत सध्या ४१ नावं आहेत. पहिलं नाव सोलापूरच्या बाईंचं.

साइट करताय? मग हे बघाच!

• डोमेन स्वतःच्या नावावर आणि स्वतःच्या ईमेलवर घ्या. डिझायनरच्या नावावर असेल तर भांडण झालं की पत्ता गेला.

• पुस्तकाच्या नावाने नको, स्वतःच्या नावाने घ्या. पुस्तकं बदलतील, तुम्ही तेच राहाल.

• किंडलचे नियम वाचा. भारतातल्या ई-बुक विक्रीवर ७० टक्के रॉयल्टी हवी तर ‘केडीपी सिलेक्ट’मध्ये जावं लागतं. एकदा गेलात की ९० दिवस ते ई-बुक स्वतःच्या साइटवरही विकता येत नाही. १० टक्क्यांपर्यंतचा नमुना मात्र ठेवता येतो आणि छापील प्रतींना ही अट नाही.

• आयएसबीएनसाठी कुणाला पैसे मोजू नका. भारतात तो सरकारी एजन्सीकडून फुकट मिळतो.

• रिन्यूअलची तारीख मोबाइलमध्ये टाका. आत्ताच!