खुर्चीतून उठण्याचे बळ

म्हातारपणी माणूस अशक्त होतो, हे इतके सर्वपरिचित आहे की त्याचे कारण विचारण्याचे आपल्याला सुचतच नाही. विचारले तर दोन उत्तरे संभवतात. एक, वय वाढले म्हणून शक्ती गेली. दोन, हालचाल थांबली म्हणून शक्ती गेली. घरातल्या आजोबांकडे नुसते पाहून यातले कोणते कारण किती खरे, हे ठरवता येत नाही, कारण दोन्ही गोष्टी एकदमच घडत असतात. त्या वेगळ्या करायच्या तर प्रयोग हवा. वय आहे तसेच ठेवायचे आणि फक्त हालचाल बदलायची.

असा प्रयोग अमेरिकेतील बोस्टन शहरात झाला. आपल्याकडे ‘नर्सिंग होम’ म्हणजे छोटे खाजगी रुग्णालय. तिकडे मात्र ज्या वृद्धांना एकट्याने राहणे जमत नाही, त्यांच्या कायमच्या निवासाची व शुश्रूषेची ती जागा असते. मारिया फियातारोने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा एका संस्थेतील १० वृद्धांना व्यायाम दिला. त्यांचे सरासरी वय होते ९० वर्षे! व्यायाम साधाच होता: खुर्चीत बसून पायाने वजन ढकलत गुडघा सरळ करायचा. वजन मात्र हलके नव्हते. प्रत्येकाला एका वेळी जास्तीत जास्त जेवढे वजन उचलता येई, त्याच्या ८० टक्क्यांपर्यंत ते हळूहळू वाढवत नेले. आठवड्यातून तीन दिवस, असे ८ आठवडे.

१९९० साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. व्यायाम पूर्ण करणाऱ्या ९ जणांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली होती. म्हणजे आधी १० किलो उचलणारा आता सुमारे २७ किलो उचलू लागला. दोघांनी चालताना काठी वापरणे सोडले.

येथे वर्गात विचारण्याजोगा एक प्रश्न आहे. याच लोकांच्या मांडीतील स्नायूंचे आकारमान तपासले, तेव्हा ते फक्त ९ टक्क्यांनी वाढलेले आढळले. मग बाकीचे बळ आले कोठून?

उत्तर आहे चेतासंस्थेत. स्नायू स्वतःहून आकुंचन पावत नाही. मेरुरज्जूतील एकेक चेतापेशी शेकडो स्नायुतंतूंना हुकूम देते. ती पेशी आणि तिचे तंतू मिळून जणू एक पथक तयार होते. जोर लावायचा म्हणजे अधिकाधिक पथके एकाच वेळी कामाला लावायची आणि त्यांना हुकूमही भराभर पाठवायचे. बसून राहणाऱ्या माणसाची पथके असतात, पण त्यांना कामावर बोलावण्याची सवय मोडलेली असते. व्यायामाच्या पहिल्या काही आठवड्यांत प्रामुख्याने ही सवय परत येते. स्नायू जाड होण्याचे काम त्या मानाने सावकाश चालते.

वयाचा वाटा नाहीच, असे मात्र नाही. उतारवयात काही चेतापेशी मरतात आणि त्यांचे तंतू पोरके होतात. त्यांतल्या काहींना शेजारची पथके सामावून घेतात, उरलेले झिजून जातात. यात झटपट आकुंचन पावणाऱ्या तंतूंचे नुकसान अधिक होते. तोल गेल्यावर पटकन पाय पुढे टाकायला नेमके हेच तंतू लागतात. या झिजेला १९८९ साली अर्विन रोझेनबर्ग यांनी ‘सार्कोपेनिया’ हे नाव सुचवले. ग्रीक भाषेत ‘सार्क्स’ म्हणजे मांस आणि ‘पेनिया’ म्हणजे उणीव.

दहाच माणसे, आणि तुलनेसाठी दुसरा गट नाही, ही पहिल्या प्रयोगाची उणीव होती. म्हणून याच संशोधकांनी १०० वृद्धांवर मोठा प्रयोग केला व तो १९९४ साली प्रसिद्ध झाला. त्यांचे चार गट केले होते: फक्त व्यायाम, फक्त पौष्टिक पेय, दोन्ही, आणि यांतले काहीच नाही. दहा आठवड्यांत व्यायाम करणाऱ्यांची ताकद ११३ टक्क्यांनी वाढली, तर व्यायाम न करणाऱ्यांची अवघी ३ टक्क्यांनी. व्यायामाचे गट जिना अधिक जोमाने चढू लागले. नुसत्या पौष्टिक पेयाने मात्र अशक्तपणा हटला नाही. “काही तरी ताकदीचे खायला द्या” म्हणणाऱ्या आपल्या घरांनी हे ध्यानात ठेवावे.

या आकडेवारीत एका माणसाचे काय पणाला लागलेले असते? खुर्चीतून उठायला ठराविक बळ लागते. तरुणाकडे त्याच्या कितीतरी पट शिल्लक असते, म्हणून थोडे घटले तरी त्याला कळत नाही. नव्वदीतला माणूस या सीमारेषेवरच उभा असतो. बळ थोडेथोडे कमी होते, पण स्वावलंबन एके दिवशी एकदम जाते. त्या दिवसापासून संडासला जायलाही कोणाला तरी हाक मारावी लागते. उलट, थोडे बळ वाढले तर तो रेषेच्या अलीकडे राहतो. “तुम्ही बसा, आम्ही आणून देतो” हे आपण प्रेमाने म्हणतो. पण दिवसभर बसवून ठेवण्याची किंमत स्नायू मोजतात. पहिल्या प्रयोगात व्यायाम थांबल्यावर चारच आठवड्यांत ताकद ३२ टक्क्यांनी घटली होती. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० सालच्या मार्गदर्शक सूचनाही हेच सांगतात: पासष्टीनंतर आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंना बळ देणारे आणि तीन दिवस तोल सांभाळण्याचे व्यायाम असावेत.

विद्यार्थ्यांना हे अनुभवता येईल. हात छातीवर घडी घालून साध्या खुर्चीवरून ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उठता-बसता येते, ते मोजावे. मग गणित करावे. ५० किलोच्या मुलाचा गुरुत्वमध्य उठताना सुमारे ३० सेंटिमीटर वर जातो असे धरले, तर कार्य ५० × ९.८ × ०.३, म्हणजे १४७ ज्यूल. एका सेकंदात उठल्यास शक्ती १४७ वॅट, तीन सेकंदांत उठल्यास ४९ वॅट. आजी सावकाश का उठतात, याचे उत्तर मुलांना येथे सापडेल.

घरी आजी-आजोबांबरोबर हे करायचे असेल तर खुर्ची भिंतीला टेकवावी, जवळ मोठे माणूस उभे असावे, आणि छातीत दुखणे, चक्कर किंवा अलीकडची शस्त्रक्रिया असल्यास आधी डॉक्टरांना विचारावे. मोजणीची शर्यत करू नये. दोन-तीनदा हाताचा आधार घेऊन उठले तरी ती सुरुवातच आहे. आणि पुढच्या वेळी त्या पाण्याच्या तांब्यासाठी स्वतः उठू लागल्या, तर चटकन पुढे न धावता, शेजारी उभे राहून त्यांना उठू द्यावे.