गाडीने जावे की विमानाने?

दिवाळीची सुटी जवळ आली, की घरोघरी एक वाद रंगतो. चार गावे पाहायची तर गाडी काढावी की विमानाची तिकिटे काढावीत? आमच्या घरी हा वाद एकदा चांगलाच महागात पडला, म्हणून त्याविषयी चार शब्द सांगतो.

काही वर्षांपूर्वी आम्ही पुण्याहून थेट गाडीने उदयपूरला गेलो. अंतर नऊशे किलोमीटरच्या वर. सुरत, बडोदे, अहमदाबाद करत दोन दिवस नुसते रस्त्यावर. बरोबर सत्तरी ओलांडलेली आई. पोहोचलो तेव्हा तिचे पाय सुजले होते. पुढचे दोन दिवस ती खोलीतून बाहेर पडली नाही. परतताना एवढेच म्हणाली, ‘‘उदयपूरची खोली छान होती हो.’’ ते वाक्य माझ्या मनातून गेले नाही.

पुढे पुन्हा राजस्थान ठरले, तेव्हा मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. जयपूर, जोधपूर, उदयपूर आणि चिरंजिवांच्या हट्टाखातर जैसलमेर. हाताशी नऊ दिवस. आधीच्याप्रमाणे घरापासून गाडीने निघालो, तर जाण्यायेण्यातच चार दिवस जाणार. म्हणजे लांबचा पहिला टप्पा विमानाचा, हे लगेच ठरले.

मग सगळेच टप्पे विमानाने का नकोत? इथे आपली एक चूक होते. आपण फक्त उड्डाणाचा वेळ मोजतो. मोजायला हवा तो या दारापासून त्या दारापर्यंतचा. हॉटेलातून विमानतळ पाऊण तास, उड्डाणाच्या दोन तास आधी हजेरी, हवेत एक तास, सामानासाठी अर्धा तास, पुन्हा शहरात पोहोचायला पाऊण तास. झाले पाच तास! तेही थेट विमान असेल तर. मध्ये दुसऱ्या शहरात विमान बदलावे लागले, तर दिवस संपलाच. जयपूर ते जोधपूर सुमारे ३३० किलोमीटर. गाडीने सहा तास. शिवाय वाटेत अजमेर आणि थोडी वाकडी वाट केली तर पुष्कर. तास वाचतो एक, आणि गमावतो पुष्करचा तलाव.

जोधपूर-उदयपूर अंतर अडीचशे किलोमीटर. या वाटेवर अरवलीच्या कुशीत राणकपूरचे पंधराव्या शतकातले जैन मंदिर आहे. त्याचे १४४४ खांब प्रसिद्ध आहेत. ते विमानातून दिसत नाही. पर्यटकांना तिथे दुपारीच प्रवेश मिळतो, त्यामुळे सकाळी जोधपूर सोडले की वेळ नेमकी जुळते.

खर्चाचेही गणित वेगळे असते. विमानाचे तिकीट माणशी वाढते. गाडीचे भाडे दोघांना आणि चौघांना तेच. मात्र गाडी ठरवताना रोजचे किमान किलोमीटर, चालकाचा रात्रभत्ता, टोल आणि गाडी दुसऱ्या गावी सोडल्यास रिकाम्या परतीचे भाडे हे आधीच विचारून घ्यावे. नाहीतर शेवटच्या दिवशी तोंडाला फेस येतो.

राहिले जैसलमेर. जोधपूरहून जाऊन येऊन साडेपाचशे किलोमीटरच्या वर. तिथून थेट उदयपूर गाठायचे, तर एका दिवसात जवळजवळ पाचशे. आईला हे झेपणार नव्हते. चिरंजीव रुसले, पण जैसलमेर गाळले. गाडी की विमान या प्रश्नाचे खरे उत्तर कधीकधी ‘एक गाव कमी करा’ असेच असते.

अखेरीस आम्ही पुण्याहून जयपूरला विमानाने गेलो, तिथून उदयपूरपर्यंत गाडीने आणि उदयपूरहून मुंबईला पुन्हा विमानाने. ज्या गावी उतरलो तिथूनच परतायचे, असा काही नियम नाही. तसे न केल्याने एक अख्खा दिवस वाचला. विमानतळावर आईसाठी चाकांची खुर्ची मिळावी, हे तिकीट काढतानाच कळवले होते. गाडीत दर दोन तासांनी थांबून तिला चार पावले चालवत होतो.

माझा आडाखा आता साधा आहे. मधल्या वाटेत पाहण्यासारखे असेल आणि प्रवास पाच-सहा तासांत आटोपत असेल, तर गाडी. मधले अंतर केवळ कापायचेच असेल, तर विमान. आणि दोन्ही वेळा हिशेब धरायचा तो आपल्यातल्या सर्वांत थकलेल्या माणसाचा.

राणकपूरला आई एका खांबाला टेकून बराच वेळ बसली होती. निघायची वेळ झाली, तेव्हा म्हणाली, ‘‘घाई करू नकोस रे. अजून मोजून व्हायचेत.’’