झीरो विमानाची प्रतिकृति

विमानाच्या प्रतिकृतीचे सुटे भाग जुळविणें हा आज पुष्कळ घरांतून आवडीचा उद्योग झाला आहे. दुसऱ्या महायुद्धांतील जपानी ‘झीरो’ ह्या लढाऊ विमानाची प्रतिकृति त्यांत विशेष लोकप्रिय आहे. ती कशी जुळवावी व जुळवितांना काय ध्यानांत घ्यावें, हें येथें थोडक्यांत सांगावयाचें आहे.

प्रथम प्रमाण पाहावें. पेटीवर १:४८ असें छापलें असल्यास मूळ विमानाची ४८ सेंटीमीटर लांबी प्रतिकृतींत १ सेंटीमीटर होते. मूळ विमानाच्या पंखांचा विस्तार १२ मीटर. तेव्हां प्रतिकृतीचा २५ सेंटीमीटर.

प्लॅस्टिकचे भाग बारीक दांड्यांनीं चौकटीस जोडलेले असतात. ते ओढून तोडूं नयेत. लहान कटरनें कापून उरलेला अंश कानशीनें घासावा. जोडावयाचा पातळ द्रव प्लॅस्टिकचा पृष्ठभाग किंचित् विरघळवितो व त्यामुळें दोन भाग एकजीव होतात. म्हणून तो थोडाच लावावा, आणि खिडकी उघडी ठेवावी.

आरंभ वैमानिकाच्या बैठकीपासून करावा. कारण धडाचे दोन अर्धे भाग मिटल्यावर आंत रंग देतां येत नाहीं. ह्या बैठकीकडे नीट पाहावें. वजन वाचविण्यासाठीं तिला भोंकें पाडलेलीं आहेत, आणि पाठीमागें संरक्षक पोलादी पत्रा नाहीं. भाग हरवला असें समजून पेटी धुंडाळूं नये. आरंभींच्या झीरो विमानांत तो नव्हताच.

ह्याचें कारण असें. १९३७ सालीं जपानी आरमारानें वेग, चपळता व दूरचा पल्ला हे तिन्ही गुण एकाच विमानांत मागितले. परंतु हातीं असलेलें एंजिन हजार अश्वशक्तीहून कमी होतें. मित्सुबिशी कंपनीचे अभियंते जिरो होरिकोशी ह्यांनीं वजन घटविण्याचा मार्ग धरिला. नवा हलका मिश्रधातु वापरला. वैमानिकाचें चिलखत व पेट्रोलच्या टाक्यांचें संरक्षण गाळलें. पहिलें विमान नागोयाच्या कारखान्यांतून बैलगाड्यांवर घालून कागामिगाहारा येथील मैदानावर नेलें, व १ एप्रिल १९३९ रोजीं तें उडालें. १९४० हें जपानी शकाचें २६०० वें वर्ष. त्यांतील शेवटच्या शून्यावरून ‘झीरो’ हें नांव पडलें.

आतां पंख जोडावे. मूळ विमानाचें प्रत्येक पंखाग्र सुमारें ५० सेंटीमीटर वर दुमडतां येई, कारण विमानवाहू जहाजावरील लिफ्टमध्यें पंख मावावयाचे होते. प्रतिकृतींत हा तुकडा जेमतेम १ सेंटीमीटरचा आहे. पारदर्शक झांकणास मात्र लांकडाचा पांढरा डिंक लावावा. दुसऱ्या द्रवानें तें धुरकट होतें. शेवटीं लाल वर्तुळाचीं चित्रें पाण्यांत भिजवून हलकेंच सरकवावीं.

आरंभीं ह्या विमानापुढें कोणी टिकेना. पुढें १९४३ पासून अमेरिकेचीं अधिक बळकट विमानें आलीं, आणि थोड्याशा गोळ्यांनींही झीरो पेट घेऊं लागलें. अशीं १०,००० हून अधिक विमानें कारखान्यांनीं बांधलीं. परंतु त्यांबरोबर जळालेले कसलेले वैमानिक कोणत्याही कारखान्यास पुन्हां घडवितां आले नाहींत.

प्रतिकृति फळीवर ठेवल्यावर पालकांनीं मुलांस एवढेंच विचारावें: हें यंत्र इतकें हलकें करण्यासाठीं कोणती वस्तु गाळली, आणि तिची किंमत कोणीं दिली?