जुन्या आज्ञा आणि नवा दुभाषी

वीस-पंचवीस वर्षांपूर्वीं लिहिलेला संगणकावरील एखादा खेळ, किंवा यंत्रांचे आराखडे काढण्याचा एखादा जुना प्रोग्रॅम, आजच्या नव्या यंत्रावर सुरू झाला तर त्याचें आपल्याला नवल वाटत नाहीं. वास्तविक तें वाटावयास हवें. ज्या ग्राफिक्स चिपसाठीं तो लिहिला गेला ती आज बाजारांत मिळत नाहीं. ज्यांनीं तो लिहिला ते दुसऱ्या उद्योगास लागले. पुष्कळदां ती कंपनीहि उरलेली नसते. मूळ लिखाणास हात लावणारा कोणी नाहीं. अशा वेळीं जुनें बोलणें तसेंच ठेवून तें नव्या यंत्रास समजावून देणारा दुभाषी मध्यें बसवावा लागतो. त्या दुभाष्याविषयीं आज सांगावयाचें आहे.

प्रोग्रॅम चिपशीं थेट बोलत नाहीं. ‘हा त्रिकोण काढ, त्यावर हें चित्र चढव’ अशा ठराविक आज्ञांचा एक संग्रह असतो. त्यास एपीआय म्हणतात. आपण त्याला आज्ञाभाषा म्हणूं. सिलिकॉन ग्राफिक्स कंपनीनें १९९२ सालीं ओपनजीएल ही आज्ञाभाषा प्रसिद्ध केली. मायक्रोसॉफ्टची डायरेक्टथ्रीडी १९९६ मध्यें आली. या आज्ञा चिपला समजतील अशा रूपांत उतरविणें हें ड्रायव्हरचें काम. जुन्या भाषांचा ड्रायव्हर एखाद्या मुरलेल्या कारभाऱ्यासारखा असे. धन्यानें अर्धा शब्द बोलावा आणि उरलेलें यानें ओळखावें. मेमरी किती राखावयाची, कोणतें काम आधीं, कोणासाठीं थांबावयाचें, हें सारें तोच ठरवी. २०१६ च्या फेब्रुवारींत क्रोनोस या संघटनेनें व्हल्कन ही नवी आज्ञाभाषा काढली आणि ही रीत मोडली. येथें धन्यानेंच सर्व कांहीं स्पष्ट सांगावयाचें. ड्रायव्हरनें हुकूम तेवढा बजावयाचा.

यांतूनच एक युक्ति निघाली. नव्या चिपसाठीं ड्रायव्हर फक्त व्हल्कनचा लिहावा, आणि जुन्या भाषेचें व्हल्कनमध्यें भाषांतर करणारा दुभाषी एकदांच लिहून तो सर्वांनीं वापरावा. ब्रायन पॉल यांनीं १९९३ मध्यें आरंभिलेल्या ‘मेसा’ या खुल्या प्रकल्पांत असा दुभाषी २०१९ सालीं दाखल झाला. त्याचें नांव झिंक. तो ओपनजीएल ऐकतो आणि व्हल्कन बोलतो. खुले ड्रायव्हर लिहिणारीं माणसें थोडीं, चिप मात्र दरवर्षीं नव्या. हें ध्यानीं घेतलें म्हणजे या काटकसरीचें मोल कळतें. २०२५ मध्यें मेसानें एनव्हिडियाच्या ट्युरिंग व त्यापुढील पिढ्यांच्या चिपवर जुना खुला ओपनजीएल ड्रायव्हर मागें सारून तें काम झिंककडेच सोंपविलें.

डायरेक्टथ्रीडीची कथा अधिक रंजक आहे. लिनक्सवर विंडोजचे प्रोग्रॅम चालविणारें ‘वाईन’ पूर्वीं तिचें भाषांतर ओपनजीएलमध्यें करी. म्हणजे एका अंदाज बांधणाऱ्या कारभाऱ्यावर दुसरा तसाच कारभारी! फिलिप रेबोले यांनीं सरळ व्हल्कनमध्यें बोलणारा डीएक्सव्हीके हा दुभाषी रचला, आणि २०१८ च्या ऑगस्टमध्यें व्हॉल्व्ह कंपनीनें आपल्या ‘प्रोटॉन’ या संचांत त्यास स्थान दिलें. पुढें डायरेक्टथ्रीडीची नववी आवृत्ति २०१९ मध्यें व आठवी २०२४ मध्यें त्यांत सामील झाली.

शब्दास शब्द ठेवून हें भाषांतर होत नाहीं. ओपनजीएल खोलीचें माप उणे १ पासून १ पर्यंत धरते, व्हल्कन ० पासून १ पर्यंत. शिवाय वर-खाली ही दिशाहि उलटी. हा केवळ गणिताचा भाग झाला. कांहीं जुने शब्द नव्या भाषेनें टाकूनच दिले होते. त्यांपैकीं ट्रान्सफॉर्म फीडबॅक हा एक २०१८ मध्यें, मुख्यतः दुभाष्यांच्या सोयीसाठीं, जोड म्हणून परत घ्यावा लागला.

खरी अडचण वेळेची. जुन्या भाषांत रंग मिसळण्याचे वगैरे नियम आयत्या वेळीं बदलतां येत. मूळ व्हल्कनला ते बहुतेक सर्व आधींच एकत्र बांधून हवे असत. दुभाष्याला तर प्रोग्रॅम काय मागणार हें मागेपर्यंत कळत नाहीं. सेकंदास ६० चित्रें दाखवावयाचीं तर एका चित्रास सुमारें १६ मिलिसेकंद मिळतात. तेवढ्यांत नवी जुळणी तयार झाली नाहीं कीं खेळ अडखळतो. २०२२ मध्यें निरनिराळे भाग आधीं तयार करून आयत्या वेळीं जोडण्याची सोय व्हल्कनमध्यें आली, आणि त्याच वर्षीं डीएक्सव्हीकेनें ती उचलली.

ज्या जुन्या चिपना व्हल्कन येतच नाहीं, त्यांना मात्र या व्यवस्थेचा लाभ नाहीं. २०२१ मध्यें मेसानें आपले सर्वांत जुन्या घडणीचे ड्रायव्हर मुख्य प्रवाहांतून काढून ‘अंबर’ नांवाच्या वेगळ्या शाखेंत ठेवले. माझ्या मतें हें अपरिहार्य होतें. पण जुना प्रोग्रॅम वांचविण्याच्या या उद्योगांत जुनें यंत्र मागें पडलें, हें लपवूं नये.

आणखी एक गंमत. कित्येक प्रोग्रॅम नियमाप्रमाणें चालतच नसत. त्या काळच्या ड्रायव्हरच्या लहरींवर ते तगून होते. म्हणून डीएक्सव्हीकेच्या मूळ लिखाणांत एक यादीच ठेवलेली आहे: एकेका खेळाच्या फाइलीचें नांव, आणि त्यापुढें त्याची खोड सांभाळण्याची तजवीज. हें लिखाण खुलें असल्यामुळें ती यादी कोणासहि वाचतां येते, आणि नवी खोड आढळली तर तींत भर घालतां येते.